डाव्या बुटाचा जाड तळ

बुटाचा तळ सुटला तो भर रस्त्यात, आणि तोही नेमका बूट शिवणाऱ्याच्या दुकानासमोर! शाळेत गणित शिकवणारी ती एका हातात बूट नि दुसऱ्या हातात छत्री घेऊन लंगडत आत शिरली.

लहानपणी तिला खुब्याचं दुखणं झालं होतं. ते गेलं, पण हाड वाकडंच राहिलं आणि डावा पाय आखूड पडला. म्हणून डाव्या बुटाला जाड तळ.

बूट शिवणाऱ्यानं तो असा काही बसवून दिला की, चालताना कंबर दुखायची थांबली. पण तिचं मन काही थाऱ्यावर येईना. दर आठ-पंधरा दिवसांनी तिला तळ झिजल्यासारखा वाटू लागला.

"बाई, हा अजून वर्षभर जाईल."

"जाईल हो... पण कुरकुरतोय."

"बूट कुरकुरतोय, की तुम्ही?"

ती लाजली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आली.

मग डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. हाड कापून नीट कोनात बसवायचं. पाय जवळजवळ बरोबरीला येईल. घरात आनंदीआनंद! तिचा जीव मात्र खालीवर. पाय सरळ झाला की इथं यायचं निमित्तच संपलं. आणि त्याला ती आवडत होती, की तिची नुसती कीव येत होती?

तिनं सांगितलं तेव्हा तो "चांगलं झालं" एवढंच म्हणाला आणि खिळे ठोकत राहिला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

ऑपरेशन झालं. दवाखान्यात तो भेटलाच नाही.

"दाराकडे काय बघतेस सारखी?" सोबतीला बसलेली आत्या म्हणायची. "पळून जातंय का ते?"

काही महिन्यांनी कुबड्या सुटल्या. ती तडक दुकानात गेली.

"नवे बूट हवेत. दोन्ही तळ सारखे."

"तयार आहेत," म्हणत त्यानं फळीवरून जोड काढला. ती बूट घालून उभी राहिली आणि... उजवीकडे कलली! डावा तळ चांगला बोटभर जाड.

तो कानापर्यंत लाल झाला. "सारखेच करायला बसलो होतो, शपथ! हाताला सवयच लागलीय..."

ती खळखळून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "दवाखान्यात का नाही आलात?"

"आलो होतो. दारातच तुमच्या आत्यांनी विचारलं, कोण तुम्ही? काय सांगणार होतो? तसाच परत फिरलो."

"कीवच ना माझी?"

"कीव? तळ वर्षभर जाईल म्हणालो ना, आणि मग तुम्ही खरंच वर्षभर आला नाहीत तर, या धास्तीनं त्या दिवशी माझं कामात लक्ष लागेना."

तिनं डावा बूट काढून त्याच्या हातात दिला.

"तळ काढा. मी बसते. आत्या येणार आहे मला न्यायला. विचारेलच ती, कोण तुम्ही."

त्याच्या हातातली हातोडी थबकली. "मग... काय सांगू?"

"मनात आहे ते सांगा. आणि परत फिरलात ना, तर डॉक्टरांनी धावू नका म्हटलंय, तरी मी मागे धावेन!"