कोरी सालपटं

ओठांत खिळे धरून बोलणारा माणूस.

झग्याच्या घोळात गोळा केलेली लाकडाची सालपटं. कुरळी, पिवळी, उजेडात धरली तर आरपार दिसावं इतकी पातळ...

जेवणाच्या टेबलावर जोडलेले तीन जणांचे हात, भांड्यात भाजीपेक्षा पाणीच जास्त, आणि तरीही मोठ्याने म्हटलेले आभार!

एक गोष्ट. तिच्यातली मुलगी बोटीत बसली आणि किनाऱ्याला लागलीच नाही, कारण फळी संपली.

चर्चमधल्या बाकावर बसलेला एक म्हातारा, आणि मान वळवून त्याच्याकडे बघणारी सगळी मंडळी.

या तुकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणी विचारलं असतं तर लेखिकाबाई म्हणाल्या असत्या, “माझं आयुष्य आहे ते! दुसरं काय?” पण आज विचारणारं कुणी नव्हतं. आज ती बाबांच्या कारखान्याच्या दारात उभी होती आणि तिचा पाय उंबऱ्यावरच अडखळला होता. “एक काम आहे, ये,” एवढाच निरोप आला होता. इतक्या वर्षांनी... काम!

बाबा शवपेट्या करायचे. गावात माणूस गेलं की घरात चूल पेटायची, हे तिला अक्षर ओळखण्याआधी कळलं होतं. कागद आणणं परवडत नव्हतं, म्हणून ती बाबांच्या चपट्या पेन्सिलीने फळ्यांच्या तुकड्यांवर लिहायची. आणि मग ती सकाळ आली. आई आतल्या खोलीत निजलेली होती, पांढऱ्या कापडाखाली, कायमची. आणि त्या कोवळ्या जिवाला दुसरं काय सुचणार? तिने आईच्या पेटीच्या झाकणावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, बोटीतल्या मुलीची गोष्ट लिहून काढली. शेवट मावला नाही. तेवढ्यात मोठे मामा आले. मंडळीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते दारातूनच कडाडले, “दाजी, हे काय? माझ्या बहिणीच्या पेटीवर पोरखेळ? आत्ताच्या आत्ता तासून टाका!”

तिला बाहेर काढलं गेलं. दार लागलं. आणि दाराच्या अलीकडे उभं राहून तिने रंध्याचा आवाज ऐकला... सर्रर्र, सर्रर्र... जणू तिच्याच काळजावरून फिरत होता तो! नंतर आत जाऊन तिने सालपटं गोळा केली, एकेक उलगडून पाहिलं. एकाही सालपटावर एकही अक्षर नव्हतं.

ती सालपटं पुढे तिच्या आयुष्याला चिकटली. तिने घर सोडलं, लोकांची भांडी घासली, लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. प्रार्थना सोडली नाही. पण तिची प्रार्थना म्हणजे देवाशी रोजचं भांडण. ‘तू स्वतः सुताराच्या घरात वाढलास ना? मग सांग, बापाचा हात एवढा कठोर कसा होतो?’ त्याच भांडणाचं पुस्तक झालं. ‘माझे शब्द असे तासले गेले की त्यांची धूळही उरली नाही,’ हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. एका रविवारी पाळकसाहेबांनी ते पान उपदेशात वाचलं, आणि अख्खी मंडळी बाबांकडे वळून बघत राहिली. मावशीने तिला हे कळवलं, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला? बरंच वाटलं होतं!

“दारात काय उभी राहिलीस, पेन्सिलबाई? उजेड अडतोय.”

तोच आवाज, ओठांत खिळे धरलेला. कोपऱ्यात एक नवी पेटी तयार होती, आणि झाकणाची फळी बाकावर आडवी.

“कुणाची?”

“माझी. माप दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नाही. लोक उगाच लांब करतात.” त्यांनी खिळे काढून ठेवले, चपटी पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. “लिही.”

“थट्टा करताय माझी?”

“ती मुलगी बोटीत बसली. पुढे काय झालं?”

“तुम्ही... वाचली होतीत?”

“सगळी.”

“वाचून तासलीत!” तिचा बांध फुटला. “बाबा, न वाचता तासली असतीत तर मी केव्हाच माफ केलं असतं हो! वाचलीत, आणि तरी तुमचा हात चालला?”

बाबांनी पेन्सिल घेऊन फळीवर एक जाड रेघ ओढली, फळी उलटी केली आणि रंधा हातात घेतला. फळी हलायला लागली, तशी तिने लहानपणीच्या सवयीने दुसरं टोक दाबून धरलं. सर्रर्र... एक लांब सालपट निघून तिच्या मनगटावर पडलं.

“बघ. आहे का रेघ?”

कोरं. संपूर्ण कोरं... तिने फळी उलटली. रेघ जशीच्या तशी होती.

“तुझ्या मामांना आवाज हवा होता,” बाबा म्हणाले, “आवाज दिला. लिहिलेली बाजू आत गेली. कुणाला दिसू नये म्हणून तिच्यावर पांढरं कापड ठोकलं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू तेव्हा एवढीशी. बोलून गेली असतीस, त्यांनी पेटी उघडायला लावली असती. मोठी झालीस, तर माझ्याशी बोलेनाशीच झालीस. मग पुस्तक आलं.” ते हसले. “छान लिहिलंयस गं. रंध्याचा आवाज तर अगदी तसाच!”

“आणि चर्चमध्ये? सगळे बघत होते तेव्हा तरी...”

“उठून काय सांगू? की माझी मुलगी लिहिते ते खोटं आहे?”

तिने त्यांच्या खरखरीत हातांवर कपाळ टेकलं आणि ती हुंदके देऊन रडली. ज्या हातांना तिने जगापुढे कठोर ठरवलं होतं, ते हात तिच्या केसांतला भुसा झटकत होते.

बऱ्याच वेळाने नाक ओढत तिने विचारलं, “मामांची पेटीही तुम्हीच केलीत ना? त्यांच्या झाकणावर?”

“कोरं. त्यांना स्वच्छता आवडायची.”

दोघंही हसले. मग बाबांनी पुन्हा पेन्सिल पुढे केली.

“शेवटच्या दिवशी कबरींतून सगळे उठतील तेव्हा उठतील. त्याआधी मी तिच्या शेजारी जाणार. ती माझी तब्येत विचारेल असं वाटतं तुला? पहिल्यांदा विचारेल, बोटीतल्या मुलीचं काय झालं. अर्ध्यावर ताटकळत ठेवलंयस तू तिला.”

ती फळीवर वाकली. एवढी पुस्तकं लिहिणाऱ्या बाईने पहिलाच शब्द दोनदा खोडला. वारा, लाट, काळोख... फळी संपायच्या आत किनारा यायला हवा होता!

“अक्षर बारीक काढ,” ओठांत खिळे धरून बाबा म्हणाले.

आईला वाचता येत नव्हतं. फळ्यांवरच्या गोष्टी तिला वाचून दाखवायचे ते बाबा.