गळ्यातलं आवाळू

बसा रे पोरांनो, पुढं सरका. ए खिडकीतली, तूही ये. गोष्ट सांगतो, आणि ह्या गोष्टीत मी सात दिवस एक अक्षर बोललेलो नाही. हसू नका! चाळीस वर्षं बैलबाजारात ओरडून गिऱ्हाईक बोलावणारा हा सर्जेराव हेडी (हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी) मुका बसला होता.

झालं असं, माझा आवाज बसला तो उठेचना. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घशात दुर्बीण घातली अन् म्हणाल्या, "बाबा, गाठ आहे. साधी आहे. तोंडातूनच काढू, बाहेरून टाकासुद्धा नाही." काढली. मग हुकूम सुटला, सात दिवस मौन!

शेजारच्या खाटेवर दहा वर्षांची स्वरूपा. तिचीही गाठ त्याच दिवशी काढलेली. शाळा सुटली की ती आज्ज्याबरोबर माळावर शेरडं राखायची. म्होरकी शेळी चांदी. ती वळली की कळप वळायचा, पण ती वळायची फक्त हिच्या हाळीला. पोरगी दिवसभर आईच्या कानात कुजबुजायची, "आवाज बदलला तर चांदी मला ओळखंल का गं?"

तिनं कुजबुज केली की चाक्या लाल व्हायचा. चाक्या म्हणजे वॉर्डातला यंत्रमानव. चाकांवर फिरायचा, पोटावर पडदा, डोक्यावर दिवा. "स्वरूपाताई, कुजबूजसुद्धा नको."

पोरगीनं रागानं पाटीवर लिहिलं, "का? मी कुठं ओरडले?"

मलाही हेच कोडं पडलं होतं. हळू बोलल्यानं काय बिघडतंय?

चाक्यानं पोटावर चित्र लावलं. "गळ्यात दोन स्वरतंतू असतात (स्वरतंतू म्हणजे आवाज काढणाऱ्या इवल्या पट्ट्या). छातीतली हवा वर आली की त्या एकमेकींवर आपटतात, थरथरतात. ती थरथर म्हणजे आवाज. बाबांच्या पट्ट्या सेकंदाला शंभरेक वेळा आपटतात, तुझ्या अडीचशे वेळा. ओरडलं की जोरात आपटतात. रोज आपटून सूज येते, सुजेची गाठ होते."

"आणि कुजबुजल्यावर?" पाटी पुन्हा वर.

"तेव्हा पुष्कळ जण पट्ट्या ताणून धरतात. बारीक फटीतून हवा खरवडत जाते. ओल्या जखमेला तेवढंही सोसत नाही."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाटी ओढली अन् बैलाच्या शिंगांसारख्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, "हे तर आवाळू!" जू घासून घासून बैलाच्या खांद्यावर सूज येते ना, ते आवाळू. शहाणा माणूस तसल्या बैलाला हलकं जूसुद्धा लावत नाही, मोकळा सोडतो. कुजबूज म्हणजे हलकं जू!

पोरगीनं वाचलं, गळ्यावर हात ठेवला आणि कुजबूज बंद केली.

पण भीती कुठं बंद होते? भीती लिहून लिहून पोरीची पाटीची पेन्सिल संपली. मग मी उशाखालचा पंचा काढला. बाजारात आम्ही बैलाची किंमत तोंडानं सांगत नाही. दोघांचे हात कापडाखाली घालतो आणि बोटं दाबून सौदा करतो. तसंच हिचं माझं ठरलं. एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे दुखतंय, तीन म्हणजे चाक्याला पळवून लाव. आणि मूठ म्हणजे भीती वाटतीय. मूठ रोज यायची. मी ती धरून ठेवायचो, दुसरं काय करणार?

चाक्यालाही खेळायचं होतं. त्यानं पंच्याखाली आपला चिमटा घातला. मनात म्हटलं, लेका, तुला बोटं दोनच, तुझं कायम दुखतंयच!

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बघितलं. "पट्ट्या छान मिटतायत. हळूहळू बोलायला लागा. पण स्वरूपा, माळावर ओरडणं आता बंद."

पंच्याखाली मूठ आली, दगडासारखी.

चाक्या म्हणाला, "ताई, आवाज बनवायचं काम गळ्याचं. मोठा करायचं काम यंत्राला देऊ." त्याच्या सांगण्यावरून तिच्या बापानं चांदीच्या गळपट्ट्यात इथलं बोलणं तिथं ऐकवणारा बटणाएवढा कर्णा (आवाज वाढवणारं यंत्र) बसवला होता. तिकडं आज्ज्यानं फोन धरला अन् चाक्याच्या पोटावर माळ दिसायला लागला.

स्वरूपा हळूच बोलली, "ये चांदे... हुर्र."

आवाज नवा होता, धुतल्यासारखा. चांदी चरतच राहिली.

"चांदे, मी हाय गं."

चांदीचा एक कान उभा राहिला. मग मान वर आली. आणि वळली की! मागं सगळा कळप. तिकडून आज्जा बोंबलला, "वळली गं पोरी, वळली!"

चाक्या लालबुंद. "आज्जा, हळू! गाठ होईल!"

पंच्याखाली मूठ सुटली, पाची बोटं माझ्या तळव्यावर पसरली. पाच बोटांचा अर्थ आम्ही ठरवलाच नव्हता. गरजही पडली नाही.

आता माझं एक काम करा. दोन बोटं गळ्यावर ठेवा आणि तोंड मिटून हळूच "हं" म्हणा. लागली थरथर? तिला जपा. आणि घरी कुणाचा आवाज बसला, तर त्याला बोलायला लावू नका. हात पुढं करा, बोटांनी विचारा.