बिनरेघेची पाटी

डोंगराखालून बोगदा झाला आणि वरच्या घाटरस्त्याची गरज संपली. मग रस्ते खात्याचं पत्र आलं, की जुन्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या उतरवून जमा कराव्यात. ज्याने लावल्या त्यानेच उतरवायच्या, असा तिथला रिवाज. म्हणून खांब रोवायचं आणि पाट्या ठोकायचं काम करणारा तो माणूस दुपारचं जेवण आटोपून व्हॅन घेऊन निघाला, आणि शेजारच्या सीटवर त्याने वहिनीला बसवलं.

आपणही तिला वहिनीच म्हणू. त्या दिवशी तिला हाक मारणारा तो एकच होता, आणि तो तिचा धाकटा दीर होता. कुठल्या वळणावर कोणती पाटी आहे हे लिहिलेली वही तिच्याकडे असायची, आणि ती वही ती कोणाच्या हातात देत नसे. वही हवी तर वहिनीलाच न्यावं लागे.

पाट्या तिच्या नवऱ्याच्या हातच्या. त्याला सगळे पेंटर म्हणायचे. खात्याने सांगावं, 'पुढे धोकादायक वळण, वाहने सावकाश चालवा' असं लिही, आणि याने लिहावं, 'सावकाश. डोंगर कुठे पळून जात नाही.' लोक गाडी थांबवून फोटो काढायचे. साहेब लोक आधी चिडले, मग घाटातले अपघात कमी झाले म्हणून त्यांनी कानाडोळा केला. पेंटरची अक्षरं मोत्यासारखी, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने बोंब. पाटी रंगवताना तो आधी नुसती अक्षरं काढायचा, वरच्या रेघेविना. तशी ती बोडकी पाटी उचलून स्वयंपाकघराच्या दारात धरायचा आणि म्हणायचा, "रेघ ओढायच्या आत काय ते सांग. एकदा रेघ ओढली की चूक पुसता येत नाही, तिची पाटी होते." ती भाजी चिरता चिरता चुका सांगायची. मग तो श्वास रोखून एका हाताने डावीकडून उजवीकडे सरळ रेघ ओढायचा आणि शेवटी ब्रश वर झटकायचा. त्या झटक्याने रेघेच्या टोकाला बारीकशी शेपटी यायची. ती शेपटी म्हणजे त्याची सही.

हे सगळं थांबून आता सात वर्षं झाली होती. खिंडीत, घाट संपतो तिथे, 'धन्यवाद. पुन्हा या.' अशी पाटी जागेवरच रंगवायला पेंटर गेला आणि पुन्हा आला नाही. शिडी सापडली, रंगाचा डबा सापडला, पाटीवर अक्षरं सापडली. रेघ तेवढी राहिली होती. माणूस खाली दरीत नव्हता, वर डोंगरात नव्हता, कुठेच नव्हता. कायद्याने जितकी वर्षं वाट बघायची तितकी बघून झाली होती. तो मेला असं समजावं, असा अर्ज टाइप होऊन वहिनीच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला होता. पाट्या उतरवून झाल्या की तिने सही करायची आणि उद्या दिराने तो कचेरीत द्यायचा, असं घरच्यांनी ठरवलं होतं. तिने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग गाल आपला असून आपला राहत नाही. सात वर्षं वहिनीचं सगळंच तसं होतं. रडू आलं नव्हतं. लोक तिला घट्ट मनाची म्हणायचे. एक गोष्ट मात्र तिने कोणाला सांगितली नव्हती. त्या सकाळी दोघांचं वाजलं होतं, कशावरून ते आता आठवतही नव्हतं. दारातून बाहेर पडताना पेंटर म्हणाला होता, "जातो." आपल्याकडे कोणी घरातून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. पोरंसोरंही चुकून जातो म्हणाली तर आई दटावते. आणि ही तर जन्मभर त्याच्या चुका काढणारी. त्याने दारात क्षणभर वाट पाहिली होती. तिने पाठ वळवून भांडी लावत 'येतो म्हण' एवढं म्हटलं नाही.

घाटाच्या पायथ्याला लाकडी दांडा आडवा टाकलेला होता. दिराने तो सरकवला आणि गाडी वर घेतली. ऊन लख्ख होतं. वाऱ्याचं नाव नाही. वर्षभर रहदारी नसल्यामुळे डांबराच्या भेगांतून गवत आलं होतं आणि ते चाकाखाली करकरत होतं. दुसरा आवाज नव्हता.

पहिली पाटी आली. दीर पान्हा घेऊन उतरला आणि हसायलाच लागला.

"वहिनी, दादा पण ना. हे वाचा."

पाटीवर लिहिलं होतं, 'सावकाश. डोंगर कुठे पळून येत नाही.'

वहिनीने वही उघडली. वहीत 'जात नाही' होतं, तिच्याच अक्षरात.

"जात नाही होतं," ती म्हणाली.

"हातून चुकून झालं असेल."

"मी तपासलं होतं."

"मग तुमच्याकडून राहिलं असेल," दीर सहज म्हणाला आणि बोल्ट सोडवायला लागला.

तिने जवळ जाऊन पाहिलं. सात पावसाळ्यांनी उडालेला रंग 'ये'चाही तेवढाच उडाला होता, बाकीच्या अक्षरांचा जेवढा. वरची रेघ अखंड होती, टोकाला शेपटी होती. पाटी व्हॅनमध्ये गेली.

दुसरी होती, 'उजवीकडे पाहू नका, फार सुंदर आहे.' ती वहीत होती तशीच्या तशी निघाली. वहिनीला बरं वाटलं, म्हणजे बरं वाटायला हवं असं वाटलं. तिसरी अरुंद वळणावर होती. वहीत तिचा मजकूर होता, 'पलीकडचा दिसत नाही. हॉर्न वाजवा आणि मगच पुढे जा.' पाटीवर होतं, 'मगच पुढे या.'

आता दीर हसला नाही. बोल्ट काढताना त्याने दोनदा मान वळवून वळणाकडे पाहिलं.

"टर्पेंटाइनचा वास येतोय तुम्हाला...?" त्याने विचारलं.

"तुमच्या डब्याचा असेल."

"डबा बंद आहे. झाकण मीच ठोकून बसवलंय."

दोघं गाडीत बसली. काच वर केली तरी वास होताच. पेंटर घरी आला की त्याच्या आधी घरात यायचा तो हाच वास. ती आठवण आली तेव्हा वहिनीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात थंड होते. भीती वाटतेय की काय हे तिला ठरवता येईना.

चौथ्या पाटीपाशी सिमेंटचा बाक होता. ही पाटी सगळ्यात जास्त गाजलेली. 'बायकोशी भांडून निघाला असाल तर इथे दहा मिनिटं बसा आणि घरी परत जा.' त्याने 'मिनीटं' लिहिलं होतं, ते तिने सुधारलं होतं. आता तिथे होतं, 'आणि घरी परत ये.'

वहिनी उतरली आणि पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"काय झालं?" दीर म्हणाला.

"'असाल' आहे, 'बसा' आहे, मग 'या' हवं. 'परत या.' हे 'ये' आहे."

"असू दे ना, वहिनी. उतरवायचीच आहे."

"तसं नाही, भाऊजी. 'जा' दोघांनाही म्हणता येतं, परक्याला आणि आपल्याला. 'ये' फक्त आपल्याला."

दिराने त्या पाटीचे बोल्ट भराभर काढले. एक बोल्ट हातातून निसटून गवतात पडला, तो त्याने शोधला नाही. एरवी खिळासुद्धा सोडणारा माणूस नव्हता तो.

"खिंडीतली राहू द्या," गाडी सुरू करताना तो म्हणाला. "एक पाटी हरवली म्हणून सांगू... खात्याला काय कळतंय."

"नाही," वहिनी म्हणाली. "तीच बघायची आहे मला."

खिंड म्हणजे डोंगराला पडलेली चीर. दोन्हीकडे काळा कातळ आणि मध्ये गाडीपुरता रस्ता. तिथे दुपारीही सावली होती. वहिनी सात वर्षांत इथे आली नव्हती. दीर आला होता, पोलिसांबरोबर. त्यानेच तेव्हा पाटी वाचून दाखवली होती, पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं होतं.

तो गाडीतून उतरला आणि पाटीपासून दहा पावलांवरच थांबला.

"हे असं नव्हतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आईची शपथ, हे असं नव्हतं. 'धन्यवाद. पुन्हा या.' होतं. मी माझ्या डोळ्यांनी..."

पाटीवर एकच शब्द होता. जातो. वरची रेघ नव्हती.

वहिनीच्या आत काहीतरी हललं, सात वर्षांत पहिल्यांदा. बधिर गाल जागा होतो तेव्हा आधी दुखतो, तसंच ते दुखलं.

"मला हेच म्हणून गेला तो," ती म्हणाली. "त्या दिवशी. मी सुधारलं नाही. मुद्दाम नाही सुधारलं, राग आला होता म्हणून. कोणाला सांगितलं नाही मी."

दीर गाडीच्या दिशेने एक पाऊल मागे सरकला.

"आणि त्याने रेघ ओढली नाही, भाऊजी. रेघ ओढायच्या आत सांग म्हणायचा. सात वर्षं थांबलाय तो."

"वहिनी, आपण जाऊ या इथून..."

"फडकं द्या."

त्याने फडकं दिलं, टर्पेंटाइन दिलं. तिने 'जा'वर फडकं फिरवलं. सात वर्षांचा वाळलेला रंग खरवडून काढावा लागतो, पण तो सकाळीच लावल्यासारखा पुसला गेला. फडकं पांढरं झालं, बोटंही झाली. मग तिने व्हॅनमधला पांढरा रंग आणि ब्रश घेतला आणि त्या जागी 'ये' काढलं. तिचं अक्षर काही पेंटरचं नव्हतं. ते वाकडं आलं आणि जरा खाली घसरलं.

"येतो म्हण," ती पाटीला म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, स्वयंपाकघरातला.

कातळांच्या मध्ये काहीच झालं नाही. पान हललं नाही. दीर घाम पुसत जवळ आला.

"रेघ?" त्याने विचारलं.

"ती त्याची. माझी नाही."

पाटी उतरवून त्यांनी व्हॅनमध्ये सगळ्यांच्या वर ठेवली, ओला रंग लागू नये म्हणून उताणी. घाट उतरताना वासही राहिला नव्हता. पायथ्याला दिराने दांडा पुन्हा आडवा टाकला तेव्हा त्याने मोठा श्वास सोडला, आणि वहिनीला वाटलं की आपण वेड्यासारखं काहीतरी केलं आणि बिचाऱ्या दिराला घाबरवलं.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. दाराला तिने निघताना लावलेलं कुलूप होतं. दिराने व्हॅनचं मागचं दार उघडलं, आणि दोघांनीही आधी पाहिलं ते वरच्या पाटीकडे. येतो. वाकडा 'ये', सुरेख 'तो', आणि वर रेघ नाही. जशी ठेवली होती तशीच होती ती.

वहिनीच्या मनात कुठेतरी आशा होती, हे तिला ती मोडली तेव्हा कळलं.

"झालं आता," दीर हळूच म्हणाला. "सही करून टाका. सुटाल तुम्ही. आम्ही सगळेच सुटू."

तिने पर्समधून अर्ज काढला, दाराकडे पाठ करून पायरीवर बसली आणि कागद मांडीवर सरळ केला. दिराने पेन दिलं. तिने नावाचं पहिलं अक्षर काढलं. बोटांना लागलेला पांढरा रंग कागदाच्या कडेला उमटला.

"तुमची सही होईपर्यंत मी गाडी वळवून घेतो," दीर म्हणाला. दमला होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. गाडीत चढता चढता तो पुढे म्हणाला, "अर्ज घेतला की जातो मी."

पेन थांबलं. वहिनीने मान वर केली.

"येतो म्हणा, भाऊजी."

दीर एक पाय गाडीत आणि एक जमिनीवर, तसाच उभा राहिला. त्याचे डोळे तिच्याकडे नव्हते, तिच्या डोक्यावरून दाराकडे लागले होते.

"वहिनी..." तो म्हणाला. "चौकट कधी रंगवलीत?"

टपकन काहीतरी अर्जावर पडलं, तिच्या अर्ध्या सहीवर. पांढरा थेंब. कागदावर तो हळूहळू पसरला आणि ते एकच अक्षर त्याखाली गेलं. टर्पेंटाइनचा वास आला.

ती उठली आणि वळली. दार बंद होतं, कुलूप जागेवर होतं. दारावरच्या चौकटीच्या लाकडावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका हाताने ओढलेली सरळ पांढरी रेघ होती. अजून ओली होती. उजवीकडे ती संपत होती तिथे ब्रश वर झटकल्याची बारीकशी शेपटी होती.

वहिनीने किल्ली काढली. कुलपाला हात लावण्याआधी ती क्षणभर थांबली, कारण आतून स्वयंपाकघरात कोणीतरी एकेक करून भांडी लावत होतं.