तेराव्या शनिवारचा शंख

"कुठला दुखतोय?" मी विचारलं.

खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाने तोंड उघडलं नाही, मूठ उघडली. तळहातावर एक शंख होता – खपल्या चढलेला, कडेला टवका उडालेला, आणि वासाच्या बाबतीत अजून समुद्रातच असलेला.

"ब्रशने निघत नाही, डॉक्टर. म्हटलं, तुम्ही लोकांच्या दातांवरची वर्षानुवर्षांची कीटणं काढता..."

हा शेजारच्या हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचा. खरं तर त्याला हाकलायला हवं होतं. पण खपलीखाली काय असेल, या कुतूहलापुढे माझ्या पदवीचं काही चाललं नाही. दात साफ करायचं मशीन लावलं, पाणी उडालं, आणि खालून फिकट गुलाबी पट्टा निघाला. त्याने सोबत आणलेल्या तेलाचं बोट फिरवलं. पट्टा उजळला... आम्ही दोघं एकदमच त्यावर वाकलो.

"असे किती आहेत?"

"बारा. बिस्किटांच्या डब्यात."

मग दर शनिवारी, पेशंट संपले की, एक. कौंटरवर बसणारी माझी आत्या नुसती खाकरायची. एकदाच म्हणाली, "शंखाला लगेच नंबर, आणि माझ्या दाढेला पुढचा आठवडा. होय गं?"

बाराव्या शनिवारी डबा संपला. तो "बरंय मग" म्हणाला, मी "हो" म्हणाले. दोन शिकल्यासवरल्या माणसांना एवढंच सुचलं. पुढचा आठवडाभर मी चांगल्या चांगल्या दातांवर खेकसत होते.

तेराव्या शनिवारी तो दारात उभा.

"एक राहिला होता... डब्याच्या तळाशी."

मी मशीन लावलं. खपली भुसभुशीत, पांढरीशुभ्र. असली खपली समुद्रात चढत नाही. शेजारच्या दवाखान्यात चढते. खाली फिकट गुलाबी पट्टा. कडेला तोच टवका. आम्ही दातवाले चेहरे विसरतो, टवका विसरत नाही.

"प्लास्टरवाले, याचं मोडलं काय होतं?"

तो छताकडे बघत राहिला. कान मात्र लाल झाले.

"त्याचं काहीच नाही. मला... यायला कारण उरलं नव्हतं."

बाहेर आत्या खाकरली.

मी शंख पुसला, त्याच्या हातात न देता माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

"उद्या रविवार. दवाखाना बंद, समुद्र चालू. खऱ्या खपल्यांचे शोधू."

"डबा आणू?"

"डब्याने काय होतंय," मी म्हणाले. "पोतं आणा."