हजार गिऱ्हाइकं आणि एकच पापलेट

"हजार लोक एकदम आले ना, तरी माझी साईट हूं की चूं करणार नाही!"

चहाच्या मशीनसमोर मी मैत्रिणीला हे ऐकवत होते आणि मागून कुणीतरी हसलं. वळून पाहिलं, तर निळा शर्ट, दुमडलेल्या बाह्या आणि हसू लपवायची जराही तसदी न घेणारे डोळे...

"काय मागवलं त्या हजार लोकांनी?" त्याने विचारलं.

"पापलेट."

"सगळ्यांनी?"

"हो... म्हणजे टेस्टच होती ना."

"आणि सगळ्यांची नावं?"

नाव माझंच टाकलं होतं, मृणालिनी. तेच हजार वेळा गेलं होतं.

हा उत्तम. शीव कोळीवाड्याचा, आमच्या ऑफिसात नव्याने आलेला टेस्टर. आमचं ऑफिस डिलाईल रोडजवळच्या एका बंद गिरणीत. संपाआधी मागांचं साचेखातं होतं, तिथे आता आमच्या खुर्च्या. नारळी पौर्णिमेला बोटी पुन्हा समुद्रात गेल्या, की ताजी मासळी घरपोच विकणारी एक साईट सुरू व्हायची होती. ती मी बांधलेली, माझी पहिलीच! पडली असती, तर काम माझ्या हातातून सिनियरांकडे जाणार होतं. आणि टेस्ट करायला आला होता हा.

"एकच प्रश्न हजारदा विचारलास, तर सर्व्हर एकदा उत्तर शोधतो आणि तेच सगळ्यांना वाटतो," तो माझ्या टेबलापाशी येऊन शेजारी खुर्ची ओढत म्हणाला. "फास्ट वाटणारच की. बघ, टेस्टिंगच्या टूलमध्ये फंक्शन्स, म्हणजे छोट्या कामांचे तुकडे, तयारच असतात. आपण बनवायची नाहीत, नुसती बोलवायची."

"आणि बोलावल्यावर येतात?"

"लगेच. तुझ्या मैत्रिणीला तुला जेवायला तीनदा बोलवावं लागतं, तसं नाही."

मी हसू दाबलं... म्हणजे दाबायचा प्रयत्न केला. त्याची बोटं चालत होती. माझं नाव होतं, तिथे त्याने फाईलमधून दर वेळी पुढचं नाव उचलणारं फंक्शन टाकलं. पापलेटच्या जागी रँडम, म्हणजे कुणाला बांगडा, कुणाला सुरमई, कुणाला बोंबील. मग प्रत्येक गिऱ्हाइकाच्या थांबण्याची वेळही रँडम.

"हे कशाला?"

"आई दादरला मासे विकते. बाई येते, कल्ले उघडून बघते, नाक मुरडते, पुढच्या पाटीकडे जाते, परत येते. कधी क्षणात घेते, कधी अर्धा तास घालवते. तुझ्या बायका कशा, कवायतीला आल्यासारख्या!"

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मला माशांमध्ये पापलेट तेवढं ऐकून माहीत. पण त्या दोन-चार ओळींत त्याने अख्खा बाजार उभा केला आणि मी बघतच राहिले. स्क्रीनकडे म्हणा हवं तर! इतकं साधं, इतकं नेमकं काम करणारा माणूस मी पाहिलाच नव्हता.

त्याने टेस्ट सुरू केली. माझी साईट धापा टाकू लागली आणि बघता बघता कोसळली. मी उठले ते थेट गच्चीवर. श्रावणातली भुरभुर होती, त्यामुळे रडलेलं कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या मॅनेजरांनी, चिंतामणी सरांनी, आम्हा दोघांना बोलावलं. "क्लायंट थांबणार नाही. उत्तम, हिच्या जुन्या टेस्टचाच आकडा टाक आणि पास लिही."

"नाही लिहिणार, सर."

"का रे? हिच्याशी खुन्नस आहे का तुझी?"

"खुन्नस? आवडते ती मला!"

तो स्वतःच दचकला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण मागे हटला नाही. "म्हणूनच नाही लिहिणार. पहिल्याच दिवशी साईट बसली, तर नाव तिचं खराब होईल. तिला दोन दिवस द्या, ती करेल."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी एवढंच म्हणाले, "करते, सर."

ते दोन दिवस मी त्याच्याशी कामापलीकडे एक अक्षर बोलले नाही. तो हळूच चहा ठेवून जायचा. मी रागावलेय, असं त्याला वाटत होतं. वाटू दे म्हटलं... जीभ आवरून बसले होते मी.

तिसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट लागली. हजार नावं, हजार नखरे, बोंबील काय, बांगडा काय! आलेख वर चढला, थरथरला... आणि तिथेच टिकला. साईट उभी होती.

उत्तमने रिपोर्टमध्ये 'पास' लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "परवा मीटिंगमध्ये बोललो ते... राग आला असेल तर सॉरी."

"पाठवलास रिपोर्ट?"

"नाही अजून."

"आधी पाठव."

त्याने बटण दाबलं. मेल गेला. मी खुर्ची वळवून त्याच्यासमोर घेतली.

"मलाही तू आवडतोस, उत्तम. परवापासून ओठांवर होतं. पण रिपोर्टच्या आधी सांगितलं असतं, तर वशिला झाला असता ना!"