मंदारचा फोन, आबांचे कान

सहारा दरवाजाहून बस सुटली आणि धनश्रीच्या लक्षात आलं, आबा चढलेच नाहीत!

हाका मारून उपयोग नव्हता. कापड विणणाऱ्या लूमच्या खटखटाटात उभं आयुष्य काढलेल्या हेमराजआबांना आता शेजारी बसून बोललेलंही धड ऐकू येत नसे. पुढच्या स्टॉपवर उतरून ती उलटी धावत सुटली... ओढणी एकीकडे, जीव एकीकडे. तर समोरून आबाच येत होते. सोबत एक तरुण. काही सांगायचं झालं की तो थांबायचा, आबांच्या समोर उभा राहायचा, मग सावकाश बोलायचा. आणि आबा चक्क हसत होते!

"तुमचे वडील? गोडादऱ्याला जायचंय म्हणाले, मग म्हटलं बसमध्ये बसवून देऊ."

"तुमचं बोलणं कळलं त्यांना?"

"माझं कामच ते आहे. कानाच्या मशीनचं. घोडदौड रोडला आमच्या कंपनीचं क्लिनिक आहे." मग तिला लागलेली धाप बघून म्हणाला, "आधी श्वास घ्या बघू. सापडलेत ते."

त्याचं नाव मंदार.

पुढच्याच आठवड्यात आबांच्या कानांत मशीनं बसली. घरी येऊन ते दारातच थबकले आणि धनश्रीच्या आईला, सरलाबाईंना, म्हणाले, "तुन्या बांगड्या इतल्या वाजतीस का वं?" आई वळून उगाच गॅस बारीक करत राहिली.

आबांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून मंदारनं ती मशीनं ब्लूटूथनं धनश्रीच्या मोबाइलला जोडून दिली होती.

"आबांसाठी कुणाचा फोन आला की तुम्ही उचलायचा. आवाज थेट आबांच्या कानात. वायर नको, काही नको. फक्त मोबाइल जवळपास हवा. गल्लीच्या टोकाला गेलात की तुटेल."

"आणि परत आले की?"

"आपोआप जुळेल. एकदा ओळख झाली की मशीन विसरत नाही."

"आणि माणसं?"

तो स्क्रीनवरून नजर उचलेना. "मला तरी... जमत नाहीये."

मग दर रविवारी तो गोडादऱ्याला यायला लागला. कधी आबांचा आवाज वाढवायला, कधी कमी करायला.

"हे सगळं तर माझ्या मोबाइलवरूनच होतं," एकदा धनश्रीनं पकडलंच त्याला. "फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं असतं. पण फोनवर चहा मिळत नाही ना."

ती रिंग रोडच्या मार्केटमध्ये साड्यांचे फोटो काढून व्यापाऱ्यांना पाठवायचं काम करायची. एका शनिवारी संध्याकाळी तो तिथंच आला. बाइकवरून उतरलाही नाही.

"कंपनी मला इंदूरला पाठवतेय. सोमवारी उत्तर द्यायचंय." तो हँडलशी चाळा करत होता. "जाऊ?"

आणि तिनं काय म्हणावं? "मला काय विचारता!"

त्याचा चेहरा उतरला. "खरंय," म्हणाला, आणि गेला.

रविवारी सकाळपासून तिचं कशात लक्ष लागेना. पोहे तिखट झाले. धुतलेले कपडे तिनं पुन्हा बादलीत टाकले. मोबाइल उचलायचा, त्याचं नाव काढायचं, मोबाइल पालथा ठेवायचा... पुन्हा उचलायचा. तो तरी करेल ना फोन? का करावा त्यानं?

आणि दुपारी फोन वाजला. मंदार!

ती स्वयंपाकघरात पळाली, दार लोटलं. "हॅलो?"

काहीच नाही.

"हॅलो... मंदार? बोला ना..."

शुकशुकाट. रागावलाय? पण मग फोन तरी का केला? तिनं मोबाइल कानावर आणखी घट्ट दाबला. आणि बाहेरच्या खोलीतून आबांचा आवाज आला –

"धना! हाऊ पोरगा मना कानमा बोली राहिना!"

रोज दुपारी आबा मशीनं काढून झोपायचे. आज काढली नव्हती! ती बाहेर आली तेव्हा ते खाटेवर ताठ बसले होते, डोळे मोठे झालेले. त्यांचा आवाज पलीकडेही गेला असणार. फोन कट झाला.

"आबा... काय बोलना तो?"

"समदं बोलना."

"समदं म्हणजे काय?"

आबांनी तिला खाटेवर शेजारी बसवलं. "ते तुनाकरता व्हतं, पोरी. मी कसा सांगू?" मग हळूच विचारलं, "तुले आवडस का तो?"

तिनं मान खाली घातली. तशीच हलवली.

"मंग त्याले घर बलाव."

तिनं मंदारला लिहिलं – आबांनी सगळं ऐकलं. मी काहीच नाही. घरी या.

तो आला तेव्हा ऊन रणरणत होतं. ती जिना उतरून खाली गेली. शेजारच्या ओट्यावर बायका साड्यांना टिकल्या लावत बसल्या होत्या. त्यांचे हात एकदम संथ झाले.

"आबा काय म्हणाले?" त्यानं बाइक लावता लावता विचारलं.

"काही सांगत नाहीत. तुम्हीच सांगा."

"फोनवर डोळे मिटून बोललो होतो..."

"मग आताही मिटा."

त्यानं खरंच मिटले. "मला इंदूरला जायचंय. काम चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? पण रविवारी तू दिसणार नाहीस म्हटलं की सगळंच बेचव होतं. तू येशील? लगेच नको. लग्न करून, सगळ्यांना सांगून. मी आईला सांगितलं. लूमवरच्या कामगाराची मुलगी म्हणून ती चार दिवस बोलली नाही माझ्याशी. आज सकाळी म्हणाली, मुलीला घरी तरी आण. मी बघेन, तिच्याशी बोलेन..." तो थांबला. "एवढंच. आता नाही म्हणालीस तरी—"

"मंदार, डोळे उघड."

उघड! हे 'तू' तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. त्यानं डोळे उघडले. समोर ती, घामानं भिजलेली, लालेलाल.

"उद्या कंपनीला सांग, जातो म्हणून."

"आणि मला... मला काय सांगतेस?"

ओट्यावरच्या बायका आता उघडच बघत होत्या. बघू देत! सकाळपासून छातीत अडकलेला श्वास तिनं सोडला, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"हो! येईन!"