पायदळ टेकडी उतरतं

तिच्या पत्राला त्यानं उत्तर दिलं नव्हतं. दहा दिवस ते शब्दकोशात दडून होतं, आणि तो छापखान्यात लोकांच्या चुका काढत बसला होता. मुद्रितशोधकच तो. पावलोपावली अडखळतो म्हणून मित्र त्याला 'स्वल्पविराम' म्हणत.

गाठ पडली ती योगायोगानं. दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर त्यांचं मंडळ मोठ्या टेबलावर प्राचीन काळच्या लढाया खेळे—बोटाएवढे शिशाचे सैनिक, चाल मोजायला कापडी मोजपट्टी आणि फासे. त्या दिवशी समोरचा गडी तापानं फणफणलेला. तेवढ्यात एक मुलगी खोक्यातून नवे घोडेस्वार घेऊन आली. ती दातांच्या कवळ्या बनवायची; त्याच हातानं फावल्या वेळात घोडे ओतायची.

"घोडे आणलेत. चालवणार कोण?"

"आज... कोणीच नाही."

"मग मीच चालवते की!" तिनं बाह्या सरसावल्या.

त्याचं पायदळ टेकडीवर, ढालीला ढाल भिडवून उभं. ते कधी खाली उतरत नसे. म्हणून तो आजवर हरला नव्हता... आणि खरं सांगायचं तर जिंकलाही नव्हता. तिच्या घोड्यांनी दोनदा धडक दिली, दोनदा फासे उलटे पडले. मग तिनं सगळे घोडे एकदम मागे फिरवले.

"पळालात?"

"घाबरले हो! या ना मागे."

"ही हूल आहे. मी उतरलो की तुम्ही वळणार."

"एवढं कळतं, तर माझ्याकडे बघून सांगा. मघापासून मोजपट्टीशीच बोलताय!"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं मान वर केली—आणि दारातून मंडळाचे चिटणीस आले.

"बाई, घोडे बनवणं वेगळं, खेळणं वेगळं. बायकांचा डाव आम्ही धरत नाही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तो मोजपट्टी गुंडाळत राहिला. तिनं एकेक घोडा खोक्यात ठेवला आणि जिना उतरून गेली.

दोन दिवसांनी पत्र आलं. 'कोण कुठे उभं होतं ते मी लिहून ठेवलंय. चाल तुमची आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत घोडे माझ्या टेबलावर मांडलेले असतील. नंतर वितळवीन. शिसं वाया घालवायची मला सवय नाही.'

दहा दिवसांत त्यानं उत्तराचे सात कच्चे खर्डे केले, आणि सातही दुरुस्त करता करता पुसून टाकले. आज गुरुवार. रविवार उंबरठ्यावर आलेला.

संध्याकाळी तो माडीवर गेला, तर चिटणीसांनी कौतुकानं नोंदवही पुढे सरकवली. "अभिनंदन, स्वल्पविराम! घोडदळ पळालं, पायदळ विजयी. पहिलाच विजय ना तुमचा? चहा पाजा!"

त्यानं ओळ वाचली. पुन्हा वाचली. आयुष्यभर खोटी ओळ त्याच्या नजरेतून कधी सुटली नव्हती. खिशातलं लाल पेन आपसूक हातात आलं.

"बायकांचा डाव धरत नाही म्हणालात. मग तिची हार कशी धरली?" त्यानं ओळीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं—'डाव अपुरा. चाल माझी.'

"अहो, खाडाखोड? मंडळातून नाव जाईल तुमचं!"

"मग तेही खोडा. पेन देऊ?"

आपलाच आवाज ऐकून तो दचकला. पण मागे सरला नाही. पेन चिटणीसांपुढे धरूनच राहिला. त्यांनी ते घेतलं नाही. मग तो वळला आणि ताठ मानेनं जिना उतरला.

खालच्या पायरीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून त्यानं लिहिलं—

'त्या दिवशी मी गप्प बसलो. ते तुमच्या दोन्ही धडकांपेक्षा मला जास्त लागलं. पायदळ टेकडी उतरतंय, सगळंच्या सगळं. ही तुमची हूल आहे, तुम्ही वळणार, हे मला ठाऊक आहे... वळाच. रविवारी येतो. या खेपेला मोजपट्टी आणणार नाही.'

पाकीट चिकटवलं. आयुष्यात प्रथमच त्यानं लिहिलेलं पुन्हा वाचलं नाही. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत ते टाकलं... आणि आत पडल्याचा आवाज नीट ऐकू येईपर्यंत हात बाहेर काढला नाही.